मांडी

वाटूर फाट्यावर बसची वाट बघताना एक काका रोज दिसायचे. मोबाइलवर बघून पॉलिमर क्ले नावाच्या मातीचे बाहुलीचे हातपाय घडवायचे, शेजारच्या बेकरीत टोस्ट निघाल्यावर त्याच भट्टीत भाजून आणायचे आणि बाकावर बसून इलॅस्टिकनं बाहुली जोडायचे. मांडी घालायला लावली, की तिचा गुडघा निखळायचा.

“उभी तर छान राहते,” मी एकदा म्हणालो.

“मंग जेवाया बसंल कशी?” ते चिडले.

त्यांचे स्वतःचे गुडघे केव्हाच गेले होते.

परवा एका लग्नात ते भिंतीलगत खुर्चीवर दिसले. समोर पंगतीत बाहुली झकास मांडी घालून बसली होती. तिच्या पत्रावळीपुढं वाढपी वरणाची बादली घेऊन घुटमळला.

“वाढा बराबर,” काका खुर्चीवरून म्हणाले, “लई वर्सांनी पंगतीत बसून राह्यलो.”