मायले दाखवायचा फोटो

चार बाया आणि एक गाडी. त्यात गाडी माझी, पेट्रोल माझं आणि डोकंही माझंच उठलं. डी.एड.पासूनच्या मैत्रिणी म्हणून, नाहीतर दोघींना तरी कळंबलाच उतरवून दिलं असतं.

मुळात कळंबला जायचंच नव्हतं. यवतमाळहून वणीकडं जाणाऱ्यानं सरळ घाटानं निघावं, तीन तासांत पोचावं. पण आमच्यातली एक भक्तीण. नवरात्र सुरू, नऊ दिवस उपवास, पायात चप्पल नाही, आणि कळंबच्या चिंतामणीचं दर्शन घेतल्याशिवाय ही बाई लांबच्या प्रवासाला निघत नाही. "वाटेतच तर हाय वं," म्हणे. वाटेत! हिच्या हिशेबानं काशीसुद्धा वाटेतच असेल. वर दर्शनाला ही गर्दी. दर्शन झालं तर उपवासाला साबुदाणा वडा पाहिजे. वडा आला तर तो गार. परत गरम करवला. मी गाडीत बसून नुसतं स्टिअरिंग बडवत होते.

दुसरी फोटोवाली. तिला झाड दिसलं की गाडी थांबव, म्हैस दिसली की थांबव. कळंबहून मागं फिरून घाटात आलो, तिथं तर तिनं कहर केला. पाऊस नुकताच सरलेला, डोंगर हिरवेगार, मान्य आहे. पण सागाच्या एकेका पानासोबत फोटो कायले पाहिजे? पुढं वळणावर सीताफळं दिसली. टोपलंभर घेतली आणि दोघींनी बिया माझ्या गाडीत टाकल्या. भक्तीण म्हणाली, सीताफळ उपवासाला चालतं.

"अवं बयांनो, आपण कायले निघालो ते तरी ध्यानात हाय का?" मी ओरडलेच.

ज्या तिसरीसाठी निघालो होतो, ती मागच्या सीटवर खिडकीशी गप्प बसून होती. तिचे वडील वणीच्या पुढच्या एका कॉलरीत होते, जमिनीखाली उतरून कोळसा काढायचे. ती तिथल्या क्वार्टरमध्येच जन्मली आणि वाढली. वडील रिटायर झाले तसं बिऱ्हाड यवतमाळला आलं, त्याला तीसेक वर्षं झाली. आता वडील नाहीत आणि माय पलंगाला खिळलेली. सकाळी काय जेवली ते म्हातारीला दुपारी आठवत नाही, पण क्वार्टरच्या दाराशी लावलेला कडुनिंब आठवतो. महिनाभर तिनं एकच धोशा लावला होता, "माह्यं घर एकडाव दाखव वं." तिला नेणं तर शक्य नव्हतं. म्हणून लेक फोटो काढून आणणार होती, घराचा, दाराचा आणि त्या कडुनिंबाचा.

"उजेड असताना पोचलो म्हणजे झालं," एवढंच ती सकाळी बोलली होती. त्यानंतर तोंडातून शब्द नाही. मला त्याचाही राग येत होता. बाई, तुझं काम आहे, तू तरी या दोघींना दटाव! पण नाही. लोकांनी भांडावं आणि हिनं खिडकीबाहेर पाहावं.

मारेगाव मागं पडलं तेव्हा चार वाजून गेले होते. वणी ओलांडली तसा रस्ता काळा झाला. झाडं काळी, टपऱ्यांची छपरं काळी आणि पुढं ट्रकमागं ट्रक. जुन्या खाणींची दोन-तीन गावं लागली. बंद पडलेल्या चुनाभट्ट्या, कुलूप लागलेलं कॅन्टीन, दारं-खिडक्या काढून नेलेल्या खोल्या. फोटोवालीनंसुद्धा तिथं एकदाही गाडी थांबवायला सांगितलं नाही.

आणि त्या सगळ्या काळ्यात एकदम हिरवा डोंगर आला. चांगला उंच, माथा सपाट, अंगभर सुबाभूळ आणि गवत, वर उतरतं ऊन. दिवसभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं. गाडी मी स्वतः थांबवली.

"उतरा साऱ्या. एक फोटो आता माह्या पसंतीचा."

"उशीर होऊन राह्यला," मागून आवाज आला.

"दोन मिनिटांत तुह्यं घर काही पळून जात नाही," मी म्हटलं, आणि वर फोटो तिलाच तिच्या फोनवर काढायला लावला. तिचा हात थरथरत नाही, फोटो नीट येतो. आम्ही तिघी डोंगरापुढं गळ्यात गळे घालून उभ्या राहिलो. मी काहीतरी फालतू बोलले आणि तिघीही खदखदून हसलो. तिनं फोटो काढला.

डोंगराला वळसा घालून पलीकडं गेलो तर पाण्याची जुनी उंच टाकी दिसली. "थांब, थांब!" म्हणत ती गाडी थांबायच्या आधीच दार उघडून उतरली. टाकीखाली जाऊन उभी राहिली. मग आमच्याकडं पाठ करून पावलं मोजायला लागली. टाकीपासून त्यांची क्वार्टरांची लाइन साठ पावलांवर, लहानपणी पाण्याच्या गुंडा-कळशा वाहून पाठ झालेलं. चाळीस पावलं झाली आणि ती थांबली. पुढं डोंगर होता.

"इथं डोंगर नव्हता," ती म्हणाली.

मी तिच्यावरच खेकसले, "अवं, डोंगर काय काल उगवला? तुह्या ध्यानात नसन."

"बाई, इथं डोंगर नव्हता."

समोरच्या चहाटपरीवाल्या म्हाताऱ्याला विचारलं. "हे काय डोंगर हाय का?" तो म्हणाला. "खाणीवरची माती हाय. उघडी खाण झाली तशी क्वार्टरं खाली केली, अन् वरची माती इथंच टाकत गेले. मंग पावसापाण्यानं झाडं उगवली. तुमची लाइन याच्याच खाली."

ती तशीच पुढं चालत गेली. दगड, काचा, काटे, कशाची शुद्ध नाही. आमची अनवाणी भक्तीण तिच्यामागं गेली आणि मातीच्या पायथ्याशी तिचा हात धरून उभी राहिली. फोटोवालीनं फोन पर्समध्ये टाकला. मी गाडीशीच राहिले. अंगात संताप मावत नव्हता आणि काढायला कोणी सापडत नव्हतं. दिवसभर या दोघींवर काढला होता, पण त्यांच्यामुळं काही बिघडलं नव्हतं. सकाळी सातला पोचलो असतो तरी हेच होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडं गेले. "मायले सांग, फोन बिघडला," मी म्हटलं. पण म्हातारीनं हात पुढं केला होता, आणि लेकीला खोटं बोलता आलं नाही. तिनं तोच एक फोटो समोर धरला.

म्हातारीनं फोन डोळ्यांशी नेला. "घर कुठी हाय?"

"मांगं हाय, माय. या मातीखाली."

म्हातारीनं फोटोवर बोट ठेवलं. "अन् ह्या बाया कायले हासून राह्यल्या?"

म्हातारीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, पुन्हा फोटोत पाहिलं.

"हे तूच ना वं?"

"हाव," मी म्हणाले. "मीच."