वीस टक्के बहिरे फौजी आप्पा

फौजी आप्पांचे कान सरकारी हिशेबाने वीस टक्के बहिरे होते. मी ओटल्यावर बसून म्हणायचो, की वीस सरकारकडे जमा झाले, मग उरलेले ऐंशी आप्पांनी कुठे ठेवलेत ते एकदा शोधायला पाहिजे. सगळे हसायचे. आप्पाही हसायचे. माझ्या तोंडाकडे बघत असले की माझा एकही टोमणा त्यांच्याकडून सुटत नसे.

त्यांचं नाव सुकलाल. गाव पारोळ्याकडचं. तोफखान्यात हवालदार होते. तोफेच्या शेजारी उभं राहून माणसाचे कान शाबूत राहत नाहीत हे कळायला लष्करात जावं लागत नाही. आप्पा रिटायर होताना डॉक्टरांच्या बोर्डाने त्यांचे कान तपासले आणि कागदावर लिहिलं, अपंगत्व वीस टक्के. त्याची थोडी जास्तीची पेन्शन बसली. आप्पांनी तेव्हा हुज्जत घातली नाही. साहेबाने लिहिलं म्हणजे बरोबरच असणार, असा त्यांचा स्वभाव.

मंगलावहिनींचं माहेर सुरतेत, लिंबायतला. त्यामुळे आप्पा इकडे आले आणि आमच्याच लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, लागले. वहिनी तिथे बॉबिन भरायच्या. आता खात्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. साचे, म्हणजे लूम, सुरू झाले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही. नवा कारीगर दोन-चार दिवस घसा फोडतो, मग ओरडणं सोडून देतो. आम्ही ओठांनी बोलतो. आवाज काढायचाच नाही, ओठ जरा मोठे हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. ह्या बोलण्याचा मोठा फायदा असा, की मालकाला शिव्या मालकाच्या देखत देता येतात.

आप्पा हे बोलणं सगळ्यांपेक्षा लवकर शिकले. आम्हाला वाटलं, फौजी माणूस, हुशार असणारच. त्यांच्यापुढे दुसरी वाटच नव्हती, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

नवरा-बायको घरीही तसंच बोलायचे. त्यांच्या घरातून कधी भांडण ऐकू आलं नाही. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, काय गोडीचा संसार आहे. माझी खिडकी त्यांच्या खिडकीसमोर, म्हणून मला खरं माहीत. भांडणं होती, सगळ्यांच्या घरी होतात तेवढीच, फक्त मुकी.

वय झालं तसं साच्यावर उभं राहणं जमेना. मग आप्पा पांडेसऱ्यात एका डाइंग मिलच्या गेटवर वॉचमन झाले. निळा ड्रेस, शिट्टी, काठी. तिथेही सगळं ठीक चाललं होतं. एके दिवशी कापडाचा ट्रक मागे घेताना ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत राहिला आणि आप्पा त्याच्याकडे पाठ करून शांत उभे. ट्रक खांद्याला घासून गेला. सगळे धावले. आप्पांना आधी कळेचना की धावताहेत कशाला.

लागलं फारसं नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी गेटचा धसका घेतला. मला म्हणाले, "धुडकूभाऊ, पहाऱ्यावरचा माणूस बहिरा असला की पहाराच खोटा. मी तिथं उभा राहून लोकांना फसवतोय."

मी म्हटलं, सोडा मग नोकरी. ते म्हणाले, सोडतो, पण मग पेन्शनमध्ये भागलं पाहिजे, आणि भागायचं तर टक्के वाढले पाहिजेत. कान तर रोज कमी होतायत, टक्के मात्र रिटायर झालो तिथेच बसलेत.

असं ते प्रकरण सुरू झालं. अर्ज गेला, परत आला, सोबत अमुक जोडा म्हणून. जोडलं. पुन्हा गेला. आता तो साक्षांकित हवा होता. सैनिक कार्यालयाच्या बाकड्यावर आप्पा इतक्यांदा बसले, की तिथला शिपाई त्यांना न विचारता पाणी आणून द्यायचा. गेटवरून सुटायचं, आंघोळ करायची, फायल घ्यायची, निघायचं. मी विचारायचो, आज किती टक्के वाढले? आप्पा हाताने पाणी पिण्याची खूण करायचे.

शेवटी बोर्डाचं बोलावणं आलं. लष्कराच्या इस्पितळात, दूरच्या शहरात. आप्पांनी बूट पॉलिश केले, शर्टावर पदकांची पट्टी लावली आणि एकटेच गेले.

परत आले ते चेहरा पाडून. काय झालं ते त्यांच्याच तोंडून ऐकलं, आणि ऐकून हसावं की डोकं आपटावं हे मला कळेना.

मशीनवर कान तपासले, तिथे कान वाईट आले. मग तीन साहेबांसमोर उभं केलं. मधल्या साहेबाने हळू आवाजात विचारलं, गाव कोणतं, मुलं किती, सध्या काय करता. आप्पा त्यांच्या ओठांकडे बघून सावधानमध्ये एकेक उत्तर देत गेले, खणखणीत. साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. मग डावीकडचा साहेब मधल्याकडे वाकून कुजबुजला, "ड्रामा कर रहा है. सब सुनता है."

आणि आप्पा म्हणाले, "नहीं सर. ड्रामा नहीं."

झालं. ज्याला ती कुजबूजही ऐकू आली, त्याचे कान खराब आहेत असं कोण लिहील? टक्के वीसचे वीस राहिले.

मी विचारलं, आप्पा, गप्प नाही बसायचं? ते म्हणाले, साहेब चुकीचं बोलत होते, सांगायला नको?

पुन्हा अपील. पुन्हा फायल, बाकडं, पाणी. वर्ष असंच सरलं. दुसऱ्या बोर्डाची तारीख लागली तेव्हा मी ठरवलं की ह्या माणसाला तयार करायचं. ओटल्यावर शिकवणी चालू केली. मी म्हटलं, साहेबाच्या तोंडाकडे बघायचंच नाही. भिंतीकडे बघा, पंख्याकडे बघा. आप्पा म्हणाले, अफसरासमोर नजर चोरायची? ती तर चोराची सवय. मी म्हटलं, बरं, माझ्यासमोर तरी चोरा. ते बिचारे दारातून आतल्या पंख्याकडे बघत बसले. मी आवाज न काढता ओठांनीच त्यांच्या मिशांविषयी एक वाईट गोष्ट बोललो, आणि पंख्याकडे बघणाऱ्या आप्पांनी मला तिथल्या तिथे उलट ऐकवलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून सुद्धा सोडलं नाही. आख्खा ओटला हसून लोळला.

वहिनी आतून आल्या आणि म्हणाल्या, तुमच्याच्याने व्हायचं नाही, मी शिकवते.

त्यांनी बाहेरच्या खोलीत खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि आप्पांना बसवलं. स्वतः पाच-सहा पावलं मागे उभ्या राहिल्या. मी दारात, गंमत बघायला. आप्पांनी हात गुडघ्यावर ठेवले. समोर कोरी भिंत.

वहिनींनी हाक मारली, "अहो."

आप्पा बसलेले.

वहिनी माझ्याकडे बघून हसल्या, म्हणजे शिष्य तयार आहे. मग जरा मोठ्याने, "अहो, चहा गार होतोय." काही नाही. आणखी मोठ्याने. शेजारची सरलाबाई आपल्या दारातून वाकून बघायला लागली, इतक्या मोठ्याने. आप्पांची मानही हलली नाही. वहिनींचं हसू हळूहळू उतरत गेलं.  मग त्यांनी एक असं केलं, जे आमच्याकडची बाई करत नाही. लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर त्या तोंडातून ते नाव कोणी ऐकलेलं नव्हतं.

"सुकलाल!"

गल्लीतली पोरं खेळायची थांबली. सरलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मी हसणारच होतो, पण वहिनींकडे बघितलं आणि हसलो नाही.

आप्पा भिंतीकडे बघत बसले होते. थोड्या वेळाने त्यांनीच मान वळवली आणि म्हणाले, "मंगल, चालू कर ना. किती वेळ?"

वहिनी समोर जाऊन खाली बसल्या. बोलायला लागल्या तेव्हा आवाज काढला, नुसते ओठ हलवले नाहीत. म्हणाल्या, "मी बोलस ते तुमले कळस. पण ऐकू येस का?"

 आप्पा म्हणाले, नाही. कधीपासून, ते त्यांना नीटसं सांगता येईना. कमी कमी होत गेलं, आणि चाललं होतं म्हणून कोणाला सांगितलं नाही.

मी दारातून निघालो, पण एवढं बघून निघालो की वहिनी रडत नव्हत्या, चिडल्या होत्या. स्वयंपाकघरातून हाक मारली की हा माणूस ओ देत नाही, फौजेची घमेंड आहे, ह्यावरून त्यांनी किती वर्षं भांडणं केली होती. सगळी भांडणं वाया गेली, हे त्यांना सहन होत नव्हतं. शिकवणी त्या दिवशी बंद पडली. पुढे कोणी तिचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या बोर्डाला वहिनी म्हणाल्या, मी येणार. मग मीही खात्यात नागा टाकला आणि सोबत गेलो. एवढा तमाशा सोडून घरी कसा राहणार?

तमाशा कसला, नुसतं बसणं. इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर आमच्यासारखे कितीतरी. एक जण गुडघा घेऊन आला होता, एक कंबर, एक डोळा. प्रत्येकाच्या मांडीवर फायल. ज्याचा गुडघा होता तो सांगत होता, की मी ह्या गुडघ्यासाठी जेवढं चाललो तेवढं आख्ख्या नोकरीत चाललो नाही. कोणी हसलं नाही. सगळ्यांचा तोच अनुभव असावा. वहिनींनी भाकरी आणली होती, पण आप्पा म्हणाले तपासणी झाल्यावर खाऊ.

दुपारी नंबर आला. काचेची लहान खोली, जाड दार, बाहेरचा आवाज आत जाऊ नये म्हणून. आप्पांना आत बसवून कानाला हेडफोन लावला. बाहेर मशीनपाशी एक तरुण डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, लष्करातल्या. आम्हा दोघांना त्यांनी मागे उभं राहायला सांगितलं होतं. मशीन चालू झालं. हेडफोनमध्ये शिट्ट्या वाजत असणार, ऐकू आली की हातातलं बटण दाबायचं. आप्पा बटण दाबत नव्हते.

वहिनींनी काचेतून त्यांच्याकडे पाहिलं आणि सवयीने, आवाज न काढता, विचारलं, भूक लागली का?

आतून आप्पा मोठ्याने म्हणाले, "नाही अजून. तू खाऊन घे."

डॉक्टरीणबाईंचा हात मशीनवरच थांबला. त्यांनी आप्पांकडे बघितलं, मग वळून आमच्याकडे. दार बंद, हेडफोन चालू, आणि हा माणूस कोणाशी बोलतोय? मला वाटलं, संपलं. ह्यांनाही ड्रामा वाटणार. पण त्यांनी वहिनींना जवळ बोलावून विचारलं. वहिनींचं हिंदी तोडकं, म्हणून मी सांगितलं, बाईसाहेब, आम्ही लूमवाले, आमच्याकडे असंच बोलतात.

 त्या म्हणाल्या, मशीन मी बंद केलंय. तुम्ही माझ्याकडे पाठ करा आणि त्यांना काहीही बोला, मनात येईल ते. आवाज नको.

मला वाटलं, वहिनी भाकरीचंच काहीतरी बोलतील. त्या काचेशी गेल्या. त्यांची पाठ आमच्याकडे, म्हणून मलाही ओठ दिसले नाहीत. आप्पांचा चेहरा दिसत होता. तो वाचता वाचता बदलला. 

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं, समोर उभ्या राहिल्या आणि विचारलं, "क्या बोलीं?"

आप्पा उठून सावधानमध्ये उभे राहिले. साहेबाला खोटं सांगायची त्यांना सवय नव्हती. म्हणाले, "बोल रही है, पुरे व्हयनं आते, घर चला." मग लक्षात आलं की हे अहिराणी साहेबांना कळणार नाही. म्हणून हिंदीत सांगितलं, "बस हो गया अब. घर चलो."

डॉक्टरीणबाईंनी वहिनींना विचारलं, हेच बोललात? वहिनींनी मान हलवली आणि पदराने काचेवरचा आपल्या श्वासाचा डाग पुसला. बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी आणखी एका तपासणीची चिठ्ठी दिली. डोक्याला वायरी लावून माणसाला झोपवायचं, उत्तर द्यायची गरजच नाही, कानापर्यंत काय पोचतं ते मशीन स्वतः बघतं. आप्पा तिथे वायरींसकट खरोखरच घोरले. बाहेर बाकावर वहिनीही बसल्या बसल्या झोपल्या. भाकरी शेवटी मीच खाल्ली.

तिथे निकाल सांगत नाहीत. आम्ही घरी आलो. आप्पा पुन्हा गेटवर जाऊ लागले. आता पाठ भिंतीला लावून उभे राहायचे, म्हणजे जे येईल ते समोरून येईल. महिने गेले. मी टक्क्यांचं विचारणं बंद केलं. विचारून मलाच थकायला व्हायचं.

पावसाळा संपल्यावर एका सकाळी पोस्टमन आला. आप्पा गेटवरून नुकतेच सुटून आले होते, निळ्या ड्रेसमध्येच. त्यांनी दारात उभं राहून पाकीट फोडलं. वहिनी गल्लीच्या नळावर, हातात बादली. मी माझ्या ओटल्यावर दात घासत होतो, दोघांच्या बरोबर मधे.

वहिनींनी तिथूनच ओठ हलवले, किती?

आप्पांनी कागद पुन्हा एकदा वरून खाली वाचला. मग ओठांनीच म्हणाले, पन्नास.

मग आता?

आता झोपतो.

आणि खरंच आत गेले. ड्रेस न काढता पलंगावर आडवे झाले, ते खिडकीतून मला दिसलं.

वहिनी बादली घेऊन परत येताना माझ्यासमोर थांबल्या. मी सगळं वाचलंय हे त्यांना माहीतच होतं. आवाज न काढता मला म्हणाल्या, धुडकूभाऊ, एवढ्यात गल्लीत सांगू नका, त्यांना झोपू द्या.

ढोल-ताशा आणून दारात वाजवला असता तरी आप्पांची झोप मोडली नसती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. तरी मी संध्याकाळपर्यंत गप्प बसलो. फार जड गेलं.