रुखवतातला न फुटणारा आकडा

भाचीच्या रुखवतात मी करंज्यांचे मनोरे मांडले नाहीत. गणित शिकवणारी मावशी मी; आकडा मांडला. पुठ्ठ्याच्या आठ पायऱ्या. वर ७, खाली ७३, मग ७३९, असं उतरत तळाला ७३९३९१३३. प्रत्येक पायरीवर मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानेही पूर्ण भाग जात नाही. शेवटचा अंक खोडत वर चढलं, तरी उरते ती मूळच.

हौस म्हणून नव्हतं केलं. भाचीचं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं आणि कोल्हारची सासरची मंडळी "बघू" म्हणाली होती. "बघू" म्हणजे नाही, एवढं मला कळतं.

केडगावच्या कार्यालयात नवरदेवाचे मामा पायऱ्यांपुढे थांबले. कांद्याचे आडते, तोंडी हिशेबाचा मोठा अभिमान.

"ह्यो कुनाचा मोबाईल नंबर? दोन आकडे उंदरानं खाल्ले का?"

"तळाच्या आकड्याला भागून दाखवा, मामा. मोबाईलवर भागा, पण नेटवर शोधायचं नाही. पंगत उठेपर्यंत जमलं, तर पोरगी शिक्षणाचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर कॉलेज पुरं करणार."

"मावशी!" मुंडावळ्यांआडून भाची किंचाळली.

विहीणबाईंचा भावावर फार विश्वास. "कबूल," म्हणाल्या. नवरदेव नुसता हसला.

मी भाचीच्या कानात सांगितलं, "गप्प बस. हजारावर भागाकार करावे लागतील त्यांना."

पंगत बसली. मी जिलेबी तोंडात घालणार, तोच मामा गरजले, "फुटला! अंकांची बेरीज एकोनचाळीस. तिनानं भाग जातोय!"

बेरीज अडतीस होती. मी ताटावरून उठले. तळाच्या पायरीवर, ३ च्या पुढे, ओल्या कुंकवाचा ठसठशीत १.

"हा कुणी काढला?"

"मीच," विहीणबाई म्हणाल्या. "एकशे एक, पाचशे एक. शुभकार्यात शेवटी एक नको? तिनावर कसा सोडायचा?"

"म्हणजे इतका वेळ धड होता. तुमचं बोट लागलं आणि फुटला."

अख्खी पंगत हसली. मी कात्रीने तो कोपरा उडवला. "आता भागा, मामा."

मामांच्या एका हातात मोबाईल, दुसऱ्यात मठ्ठा. सात झाले, अकरा झाले, तेरा झाले. पुढे ते एक्क्याण्णवनेही भागताना दिसले. तेरा साते एक्क्याण्णव, आणि सातने भाग गेलाच नव्हता. तो भागाकार फुकट होता. मी सांगितलं नाही.

पंगत उठली. "लई चिवट हाय," मामांनी मोबाईल खिशात टाकला.

विहीणबाई अजून आकड्याकडेच बघत होत्या. "म्हंजे पुढं कुठलाच अंक चालत न्हाई?"

"कुठलाच नाही. कुठलाही एक अंक जोडा, मूळपण जातं."

"तुमच्यावानीच हाय की मग!" त्या म्हणाल्या. "जाऊ दे तिला कॉलेजला. पन पयल्या दिवशी निघताना कुंकू मीच लावनार. त्यानं कपाळाला तरी भाग जात न्हाई ना?"

"नाही," मी म्हणाले आणि जिलेबी खायला बसले. गार झाली होती.