सिरोंका कुठे उतरणार?

केनियातलं मसाई माराचं जंगल बघायला आलेल्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न प्राण्यांबद्दल नसतो. सिंह दिसेल का, हे दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी नैरोबीची गर्दी मागे पडली, की ते ड्रायव्हरच्या मानेशी वाकून हळूच विचारतात, "आम्ही घेतलाय तो कॅम्प बरा आहे ना? की दुसरीकडे राहायला हवं होतं?"

सिरोंका ओले कसाइने या मसाई ड्रायव्हरची उभी हयात या एका प्रश्नाचं उत्तर देण्यात गेली. "पाणघोड्यांचं घुरघुरणं ऐकत झोपायचं असेल तर नदीकाठ घ्या," तो सांगायचा, "मात्र सकाळी झोप झाली नाही म्हणून माझ्यावर डाफरायचं नाही. पोरंबाळं असतील तर कुंपणाचा कॅम्प. आणि पावसाळ्यात नदीपलीकडे राहायची हौस असेल तर दंडाला तेल लावून या. काळ्या चिखलातून गाडी तुम्हीच ढकलणार आहात." पाहुणे हसायचे आणि त्याचं ऐकायचे. तो म्हणेल तिथे ते उतरायचे, आणि जाताना त्याचा हात हातात घेऊन म्हणायचे, जागा अगदी मनासारखी मिळाली.

तो स्वतः मात्र स्वयंपाकघराच्या मागे, जनरेटरशेजारच्या ड्रायव्हर लोकांच्या खोलीत झोपायचा. प्रत्येक कॅम्पात ती खोली सारखीच: दोन मजली लोखंडी खाटा, खिळ्याला टांगलेली कुणाची तरी ओली पँट, भिंतीत थडथड. ज्या तंबूंची तो एवढी तारीफ करायचा, त्यातल्या एकाही पलंगावर तो कधी टेकला नव्हता. एका जर्मन म्हातारीने एकदा विचारलं होतं, "आणि तुझी झोप कशी झाली?" तेव्हा तो हसला. मजेत, म्हणाला.

पुढे डोळ्यांनी दगा दिला. कंपनीने केक कापला, खांद्यावर एक घोंगडी घातली आणि गाडीची किल्ली काढून घेतली. बायको सिमालोई त्याआधीच गेली होती. मुलाने बापाला नैरोबीबाहेर रोंगाईला, चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरी आणलं. मुलगा दिवसभर बाहेर, नातवंडं शाळेत. सून न्याम्बुरा दुसऱ्या जमातीची, किकुयूंची, पण जिवाला जीव देणारी. सासऱ्याला काही कमी पडू द्यायची नाही. सकाळी पिशवीतलं दूध तापवून, साखर घालून पेलाभर पुढे ठेवायची आणि कामाला पळायची.

सगळं अडायचं ते त्या पेल्यापाशी. मसाई पोरगा वयात येतो तो एकटा नाही, एका अख्ख्या गटाबरोबर. त्या गटातले सगळे जन्माचे भाऊ. त्या दिवसांत दूध एकट्याने प्यायचं नसतं, गटभाऊ शेजारी लागतो. म्हातारपणी हे बंधन सुटतं खरं, पण सिरोंकाच्या घशाला ते कुणी सांगितलं नसावं. भिंतीकडे तोंड करून पहिला घोट घेतला की तो तिथेच अडायचा. मग पेला झाकून तो चार जिने उतरायचा आणि खाली पहारेकरी मुतिसोच्या बाकड्यावर जाऊन बसायचा.

"घे, आधी तू."

"मझे, बाबा, तुमची सून बघेल तर म्हणेल, पहारेकऱ्याने म्हाताऱ्याचं दूध लुबाडलं," मुतिसो म्हणायचा, आणि अर्धं संपवायचा.

एक दिवस न्याम्बुराने ते पाहिलंच. ती ओरडली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने दोन पेले भरून ठेवले, एक मुतिसोसाठी. एवढी शहाणी सून, पण तिच्या त्या शहाणपणानेच सिरोंकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुतिसो चांगला माणूस. पण तो कांबा जमातीचा, वयाने निम्मा, आणि त्याला त्या दुधाचं काहीच वाटत नव्हतं. आता दूधही ज्याचं त्याचं झालं.

सिरोंकाच्या गटातला एकच जण आता उरला होता. तिपापे. त्याची वस्ती माराच्या फाटकाकडे जाणाऱ्या वाटेवरच, टेकडीच्या पायथ्याशी. गटभावाच्या गावी आलेला माणूस राहायचं कुठे हे विचारत नाही. सरळ त्याच्या घरात शिरतो. यजमानानेही 'राहा' म्हणायचं नसतं. ते म्हणणं म्हणजे त्याला परका ठरवणं. आणि सिरोंका? दर फेरीला तिपापेच्या दारावरून गेला होता. दोनदा हॉर्न वाजवायचा. तिपापे दुधाचा तुंबा घेऊन धावत यायचा. सिरोंका मुठीत किल्ली घट्ट धरून, उभ्या उभ्या एक घोट घ्यायचा. "पुढच्या खेपेला राहतो रे. पाहुणे खोळंबलेत." खोटं नव्हतं ते, कंपनीचा नियमच तसा होता. पण ती पुढची खेप कधी आली नाही. तिपापे कधी बोलून दाखवायचा नाही. मागे मागे तो धावत यायचा बंद झाला, चालत यायचा.

आता सिरोंकाला तिथे जायचं होतं. राहायला, जमलं तर कायमचं. पण गटभावाने दार बंद केलं, तर या जगात दूध प्यायला कुणीच उरलं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सुनेला त्याने सांगितलं, गावाकडची गुरं बघून येतो. घोंगडी खांद्यावर टाकली, नारोकची गाडी धरली, तिथून दुसरी, आणि शेवटची वाट पायी.

तिपापे कुंपणाबाहेर बाभळीखाली बसला होता. त्याने डोळे बारीक केले.

"अरे वा! साहेब आले. आज कुठल्या कॅम्पात उतरवलीस तुझी गोरी मेंढरं?"

वाटभर सिरोंकाने एकच वाक्य घोकलं होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि जिरलं.

"नदीकाठच्या," तो म्हणाला.

"मग घाईत असशील."

"हो. म्हणजे... आहे थोडी घाई."

तिपापेच्या सुनेने तुंबा आणून दिला. धुरी दिलेल्या तुंब्याचा वास नाकात शिरला आणि सिरोंकाचे डोळे भरून आले. आधी तिपापे प्याला, मग तो. किती दिवसांनी दूध घशाखाली सरळ उतरलं. दोघे पाऊसपाण्यावर बोलले, मेलेल्या भावांची नावं न घेता त्यांच्या खोड्यांवर हसले. मग तिपापेने तुंब्याचं झाकण लावलं. आता हा काहीतरी म्हणेल, म्हणून सिरोंका थांबला. तिपापे गुरांकडे बघत राहिला.

"निघतो मी," सिरोंका शेवटी म्हणाला. त्याची मूठ सवयीने मिटलेली होती. आत किल्ली नव्हती.

"बरं," तिपापे म्हणाला.

सिरोंका रस्त्यावर येऊन मैलाच्या दगडावर बसला. पर्यटकांच्या गाड्या धूळ उडवत फाटकाकडे चालल्या होत्या. एकेक गाडी कुठे वळणार हे त्याला दुरूनच कळत होतं: ही नदीकडे, ही टेकडीवरच्या महागड्या तंबूंकडे. प्रत्येकाची खाट कुठेतरी अंथरून तयार होती. एवढं एकटं त्याला रोंगाईच्या चौथ्या मजल्यावरही वाटलं नव्हतं. तिथे निदान तिपापे आहे, असं मनात तरी होतं.

ऊन कललं. मागे पावलं वाजली. तिपापे काठी टेकत आला, शेजारी बसला आणि तुंबा दोघांच्या मध्ये ठेवला.

"तू कशाला आलास?"

"तुझी गाडी येईपर्यंत बसतो. सिंह फिरतात इकडे."

शेवटची गाडी गेली, धूळ खाली बसली. पलीकडच्या माळावर झेब्रे कुत्र्यांसारखे भुंकायला लागले.

"कुठलीही गाडी येणार नाहीये, तिपापे."

"माहीत आहे. हॉर्न कुठे वाजला होता?"

"मग मघाशीच का नाही बोललास?"

"मी बोलू? मी 'राहा' म्हणू तुला?" तिपापे एकदम भडकला. "इतकी वर्षं हॉर्न ऐकला की बायको खाटेवर नवं कातडं अंथरायची. मेली ती अंथरून अंथरून. आणि तू दारात उभा, किल्ली घेऊन. मी कशाला म्हणू?"

सिरोंकाने मिटलेली मूठ उघडली, रिकामा तळवा गुडघ्यावर ठेवला. अंधारून यायला लागलं होतं. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर देण्यात त्याचा जन्म गेला, तो प्रश्न पहिल्यांदाच त्याच्या स्वतःच्या तोंडून, चाचरत बाहेर पडला.

"तिपापे, मी कुठे राहू?"

तिपापेने त्याच्याकडे वळून पाहिलं.

"हे गोऱ्यांनी विचारायचं असतं," तो म्हणाला. "ऊठ. कातडं जुनं झालंय आता. टोचेल."