गुंताबाईचं गहाण

गुंताबाईकडे जुना कागद बघायला मागितला, की आधी पायातला उजवा बूट काढून द्यावा लागतो. तो ती कणगीमागे ठेवते आणि मगच पेटी उघडते. मी चोपड्याच्या वाचनालयात तीस वर्षं जुने फोटो आणि कागद सांभाळलेला माणूस. सातपुड्याच्या पायथ्याशी, तिच्या पाड्यावर, एका पायात बूट घालून बसलो होतो. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

"एक बूट घालीसन कोन पयी जास, भाऊ?" ती म्हणाली. कागद घेऊन कोणी पळू नये म्हणून बूट गहाण. हसली मात्र नाही.

संशय मलाही होताच. मला हे काम शिकवलं ते मोतीलाल सरांनी. ते जाऊन दहा वर्षं झाली. पण या पाड्याचा विषय निघाला की ते हमखास सांगायचे, "तिकडे वस्तू सांभाळ, माझी छत्री तिथेच चोरीला गेली." म्हणून मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. ती माझ्या हातांकडे बघत होती आणि मी तिच्या. अशा थाटात आमचं इतिहास जपण्याचं काम चाललं होतं.

सत्तरीची बाई, काटक. मोहाची फुलं वेचते, नाल्याकाठच्या तुकड्यात मका घेते. पेटीतून तिने रेशनकार्ड दाखवलं, नवऱ्याचा, रुपसिंगचा, मृत्यूचा दाखला दाखवला. प्रत्येक कागद परत घेताना उलटसुलट करून तपासला.

"फोटो नाही का एखादा, अक्का?"

"व्हता. एक सर लई गया."

मग तिने सांगितलं. शेजारच्या लग्नाला चोपड्याचा स्टुडिओवाला आला होता. त्याने या दोघा नवराबायकोचा त्यांच्या शेतात, झोपडीपुढे फोटो काढला. मागे स्टुडिओचा शिक्का आणि १९९८ ची तारीख. पाच वर्षांनी एक सर आले, आठ दिवसांत परत देतो म्हणून फोटो घेऊन गेले. पुढे कसत असलेली वनजमीन नावावर करून देणारा वनपट्ट्याचा कायदा आला. २००५ च्या आधीपासून शेत कसत असल्याचे दोन पुरावे द्या म्हणाले. म्हाताऱ्या माणसांचा जबाब होता, दुसरा पुरावा नव्हता. दावा फेटाळला. रुपसिंग पट्ट्याची वाट बघतच गेला. आता फेरसुनावणी लागली होती, येत्या मंगळवारी. ती हुकली की शेत गेलं.

मला ती थापच वाटली. ज्याच्याकडे कागद नसतो, तो कुणीतरी नेला असंच सांगतो. मी पोलिसासारखं विचारलं, "कोण सर? नाव काय?"

ती उठली. कणगीमागून तिने एक काळी छत्री काढली आणि माझ्यापुढे आपटली. "हाई ठेवाडं व्हतं गहाण. वीस वरीस व्हयनात. कोनी उना नही."

छत्रीच्या कापडावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'मोतीलाल सर, चोपडा'. ती अक्षरं मीच रंगवली होती.

मी बूट परत मागून घातला आणि तडक वाचनालय गाठलं. तीन तास शोधल्यावर लोकजीवनाच्या आल्बममध्ये फोटो सापडला. मोठा करून दोनदा प्रदर्शनात लावला होता आम्ही तो. खाली कार्ड, 'आदिवासी जोडपे, सातपुडा. नावे अज्ञात.' अक्षर माझं. सरांनी सांगितलं, मी लिहिलं. मला फार लाज वाटली. सरांचा रागही आला, पण भांडायला माणूस उरला नव्हता. वाचनालयाच्या मंडळाला विचारलं असतं तर महिनाभर चर्चा केली असती, म्हणून कुणाला न सांगता फोटो पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी न मागताच उजवा बूट काढून दिला. गुंताबाईने फोटो घेतला आणि आधी उलटा केला. शिक्का बघितला, तारखेवरून बोट फिरवलं.

"खरा शे ना? झेरॉक्स तं नही?"

"खराच आहे."

तेव्हा कुठे तिने तो सुलटा केला. रुपसिंगकडे बराच वेळ बघत राहिली. मग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फोटो कमरेला खोचला आणि छत्री माझ्या हातात दिली. बूट दिला नाही.

मी ते जुनं कार्ड काढलं, 'नावे अज्ञात' वर काट मारली आणि म्हणालो, "अक्का, आता नावं नीट लिहितो. सांगा."

तिने माझ्याकडे तसंच बघितलं, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं.

"आते लिखस? नावं तं मी सरले तवयच सांगेल व्हतात. रुपसिंग अन् गुंता. मना डोयासमोर त्यासनी वहीमा लिखी लिधात."