उलट्या सीटची उलटी

ही गोष्ट मी आजवर कोणालेच सांगितली नाही. नवऱ्याले नाही, बहिणीले नाही. देवाले तर मुद्दाम नाही — त्याच्यासमोर रोज बसावं लागते. तुम्हाले काहून सांगून राहिले? माहीत नाही. हसू आलं तर हसा. मलेही कधीकधी येते, अन् मग लाज वाटते.

मी रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहते. रेल्वेच्या तिकीटखिडकीमागं तीस वर्षं काढली अन् निवृत्त झाल्यावर, सगळे नको नको म्हणत असताना, गाडी शिकले. पोरगा अन् सून तेलीबांध्याले राहतात, दोघंही नव्या रायपुरात नोकरीले. तर नातीले, रेवाले, सकाळी माझ्या घरी आणायचं अन् संध्याकाळी पोचवायचं, हे काम मी चक्क भांडून मिळवलं.

सून म्हणजे अनघा. नागपूरची पोट्टी, हुशार. साधा कुकर घ्यायचा तर आठ दिवस वाचत बसते, मग लेकराच्या कारसीटचं विचारूच नका! म्हणे, लेकरासंगं वाढणारी सीट पाहिजे — आधी उलटी लावायची, लेकराचं तोंड मागच्या काचेकडं, अन् मोठं झालं की तीच फिरवून सुलटी करायची. घेण्याआधी दुकानवाल्याले माझ्या गाडीपाशी आणून सीट बसवून पाहिली. पट्टा किती आवळायचा, तेही मले शिकवलं — खांद्यापाशी चिमटीत आला तर ढिला आहे. मी म्हटलं, आमची पोरं मांडीवर बसून मोठी झाली, काय वाकडं झालं? ती शांतपणे म्हणाली, आई, लहान लेकराचं डोकं जड असते अन् मान कच्ची. जोरात ब्रेक लागला तर उलट्या सीटमध्ये सगळी पाठ धक्का झेलते, सुलट्या सीटमध्ये मानेवर येते. पटलं मले. तेव्हाच पटलं — हे लक्षात ठेवा, कारण मी काही अडाणीपणानं केलं नाही.

मग काहून केलं?

कारण आरशात मले फक्त सीटची पाठ दिसे. मागं पोट्टी एकटीच बडबडून राहिली, खिदळून राहिली, अन् मले दिसते काय — काळं प्लास्टिक! तीस वर्षं खिडकीतून हजारो तोंडं पाहिली, ज्यांच्याशी मले काही देणंघेणं नव्हतं. अन् जे एक तोंड पाहायसाठी मी गाडी शिकले, तेच माझ्याकडं पाठ करून बसलेलं. अनघाले रविवारी ते दिवसभर दिसे. खरं सांगू? जळत होते मी. सुनेवर जळत होते.

रेवा तेव्हा सोळा महिन्यांची होती. एक दिवस अनघाचा ऑफिसातून फोन आला. गाडी सर्व्हिसिंगहून आली होती अन् सीट मी परत बसवली होती, त्याचंच विचारून राहिली होती — "आई, उलटी झाली ना?"

आता पहा. ती विचारून राहिली सीटचं. मले कळलंही की सीटचंच. पण तो शब्दच असा दुतोंडी! माझ्या तोंडून निघालं, "झाली ना बाई. गाडीतच झाली. सगळं अंगावर."

फोनवर ती घाबरली. मले वाटलं, संध्याकाळी सीट पाहीन म्हणेल. म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, वाटीभर आंबट ताक घेतलं, त्यात भाताची चार शितं कुस्करली — पटली पाहिजे ना! — अन् खाली जाऊन सीटवर ओतलं. हाच माझा गुन्हा. ताक होतं ते. पोट्टीले उलटी कधी झालीच नाही.

अनघानं सीटचं कव्हर काढून हातानं धुतलं. रेवाले समता कॉलोनीतल्या डॉक्टरकडं नेलं. ते म्हणाले, गाडीत बसायच्या आधी पोट हलकं ठेवा. झालं! सकाळी पोट्टी केळ्याकडं हात करून रडे, अनघा स्वतःचे डोळे पुसत अर्धं केळं परत ठेवे, अन् मी दारात चाव्या घेऊन उभी. आठवड्यात मी आणखी दोनदा ताक ओतलं. मग अनघानं हार मानली, उलटं बसूनच मळमळत असेल म्हणाली, अन् स्वतःच्या हातानं सीट सुलटी केली.

अन् काय सांगू, काय दिवस होते ते! आरशात तिचे चार दात. मी गाणं म्हणावं, तिनं टाळ्या वाजवाव्यात. नंतर कळलं, उलट्या सीटसमोर लावायचा छोटा आरसा मिळते, त्यातून लेकराचं तोंड पुढं दिसते. नुसतं म्हटलं असतं तर अनघानं दुसऱ्या दिवशी आणून दिला असता.

दोन महिन्यांनी तेलीबांध्याच्या तलावाजवळ एक स्कूटरवाला उलट्या बाजूनं आला. मी ब्रेक दाबला. आरशात पाहिलं — पाहायचंच होतं ना मले? — तिची मान पुढं फेकली गेली, हनुवटी छातीवर आपटली. एक क्षण आवाजच नाही. मग रडली. गाडी कडेले घेतली, तिले काढून छातीशी धरलं. मानेवर पट्ट्याचा लाल वळ होता. काही झालं नाही हो, दोन दिवसांत गेला. अनघाले मी म्हटलं, मच्छर चावला. अन् त्याच दिवशी सांगितलं, सुलट्या सीटमध्ये तर जास्तच उलट्या होतात. पुन्हा ताक. सीट पुन्हा उलटी झाली.

आता रेवा चार वर्षांची आहे. सीट रीतसर सुलटी झाली, पट्टे वर सरकले. पण "रेवाले गाडी लागते" हे आता सगळ्या घराले पाठ आहे. तिलेही. शाळेची सहल होती तर हिनं स्वतःच मॅडमले सांगितलं, "मेरे को बस में उल्टी होती है." गेली नाही. नवी टोपी घालून दिवसभर माझ्या घरी बसून होती, अन् मी तिले लाडू करून दिले.

मागच्या महिन्यात आम्ही सगळे गाडीनं नागपूरले गेलो. निघताना मी तिच्या तळहातावर ओवा ठेवला, नेहमीसारखा. अख्ख्या रस्त्यानं पोट्टी गात गेली. पोचल्यावर अनघा आपल्या आईले कौतुकानं म्हणाली, "एकदाही उलटी नाही. हा आईंच्या ओव्याचा गुण!" अन् माझ्याकडं वळून, डोळे भरून, "हो ना आई?"

मी म्हटलं, "हव."