कंपनीचा वास

"घरात कसला वास येतो का?" डॉक्टरांनी विचारलं. माझ्या छातीचा एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचे बारीक काप दाखवणारा स्कॅन, त्यांच्या समोर होता.

मी म्हटलं, "येतो की. कंपनीचा."

रसायनांच्या कारखान्यांना लागून असलेल्या मोहोपाड्यात राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. आमच्याकडे कुजका, आंबट, औषधासारखा, कसलाही वास आला की तो कंपनीचा. घरातलं मटण नासलं तरी कोणीतरी म्हणेल, वारा फिरलाय.

डॉक्टर हसले नाहीत. "दाराबाहेर उभ्या राहिलात की वास वाढतो की कमी होतो?"

मला सांगता येईना. एवढं मोठं नाक असून हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. श्वासाबरोबर रोज आत जाणारी एखादी गोष्ट, बुरशी किंवा पक्ष्यांची घाण, काहीजणांच्या फुप्फुसांना सोसत नाही. ती सुजतात. सुजून सुजून त्यांवर व्रण पडतात, त्याला फायब्रोसिस म्हणतात. "सूज औषधाने उतरेल. व्रण पडलेला भाग मात्र परत येणार नाही," डॉक्टर म्हणाले. पनवेलच्या त्या दवाखान्याचा जिना उतरताना ह्यांनी चारचौघांत माझा हात धरला, आणि मी तो सोडवून घेतला नाही.

मी ब्लाऊज शिवते. आमच्या भाड्याच्या खोलीत शिलाई मशीन भिंतीला लावून होतं. त्या भिंतीवर घरमालक काकांनी पांढरं, फुलाफुलांचं चकचकीत प्लास्टिकचं पॅनल बसवलं होतं. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, काय गं झकास भिंत आहे तुझी! मीही फुशारकी मारायची. हे दिवसभर कामावर, मी दिवसभर त्या भिंतीला टेकून.

खोकला कोरडा होता. संध्याकाळी अंगात कणकण. मग जिना चढताना धाप लागू लागली. मोहोपाड्यातल्या डॉक्टरांनी आधी खोकल्याचं औषध दिलं, मग टीबी असेल म्हणून थुंकी तपासली. टीबी नव्हता. तो रिपोर्ट मिळाला तेव्हा आम्ही पेढे आणले, अक्षरशः.

गौरी-गणपतीला माहेरी गेले, कर्जतच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे खोकला थांबला. परत आले आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरू. सासूबाई गावाहून आल्या होत्या. म्हणाल्या, "म्हायेरी गेली का ठणठणीत, हितं आली का खॉक खॉक. आमाला काय कळत नाय व्हय?" माझी आई म्हणाली, "माहेरची हवा मानवते गं तुला." एकीला नाटक दिसलं, दुसरीला माया. मला मात्र इतकं लागलं, की पुढे खोकला आला तरी सासूबाईंसमोर मी पदर तोंडात कोंबायची.

पनवेलच्या डॉक्टरांना हे सांगताना मान वर होईना. ते म्हणाले, "अहो, जागा बदलली की बरं वाटतं, हीच तर या आजाराची खूण. हे आधी का नाही सांगितलंत?" काय सांगणार, कपाळ! माहेरी बरं वाटतं हे कुठली सून डॉक्टरांना सांगेल?

घरी येऊन ह्यांनी पॅनल उचकटलं. मागची सगळी भिंत काळी, वर हिरवट पांढरी लव, बुरशी आलेल्या लोणच्यासारखी. पलीकडे शेजारच्यांचं न्हाणीघर होतं, त्याचा पाइप आतल्या आत झिरपत होता. काकांना बोलावलं. ते भाबडेपणाने म्हणाले, "आवो, वल दिसू नये म्हणून तर पॅनल लावला!"

आता आम्ही चौक गावात राहतो, तळमजल्यावर. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी तोंड सुजलं, पण फुप्फुसांची सूज उतरली, खोकला गेला. नळीत फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजतात, त्या पीएफटीचा आकडा वर यायचं नाव घेत नाही. मशीन चालवते, पण दोन शिवणींत थांबावं लागतं. माहेरच्या घराचा चढ चढवत नाही. आई आता खाली रस्त्यावर येऊन भेटते. मला राग येतो, फार येतो, आणि रागवायलाही दम लागतो.

कोणाला सांगायचंच असेल तर एवढंच सांगेन. खोली बघायला जाल तेव्हा नव्याकोऱ्या भिंतीवर भाळू नका. ती कशाने झाकली आहे ते विचारा, आणि पलीकडे काय आहे तेही.

मध्ये एका गिऱ्हाइकाकडून कळलं, काकांनी त्या भिंतीला रंग मारून नवीन पॅनल लावलं आणि एक जोडपं भाड्याने ठेवलं. तान्हं बाळ आहे. मी रिक्षा करून गेले. जिना चढवेना, म्हणून खालूनच हाक मारली. बाळाला खांद्यावर घेऊन ती पोरगी खाली आली. बाळ खोकत होतं.

"खोलीत वास येतो का गं?" मी विचारलं.

"येतो ना ताई. कंपनीचा हाय तो. सवय व्हईल म्हणतात."

"आणि हितं?"

तिने श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग बाळाचं डोकं छातीशी दाबून ती वर, आपल्या खिडकीकडे बघत राहिली.

"हितं नाय येत," ती म्हणाली.